कॅसेट उरली नाही, निकाल उरला

२ सप्टेंबर १९९३ रोजी लॉस एंजेलिसला एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांचा सोहळा झाला. वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला पर्ल जॅमचा 'जेरेमी', अल्टरनेटिव्ह विभागात बाजी मारली निर्वाणाच्या 'इन ब्लूम'नं, आणि आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार गेला मुंबईच्या इंडस क्रीडच्या 'प्रिटी चाइल्ड'ला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत निर्वाणाचा 'इन युटेरो' बाजारात आला. आधीच्या 'नेव्हरमाइंड'पेक्षा तो खरखरीत होता, कडवट होता, मुद्दाम अंगावर येणारा होता. इंडस क्रीडचा पुढचा आणि आधीच्यांहून गडद अल्बम यायला १९९५ उजाडलं. १९९७ मध्ये बँड थांबला. मुंबईच्या रॉक संगीतावर चार जण बोलायला बसले की या दोन सालांमध्ये कार्यकारणभाव जोडून मोकळे होतात: पोरांना उड्या मारायला लावणारी गाणी सोडून बँड गंभीर झाला, श्रोते पांगले, बँड संपला. हा निकाल मला पटत नाही. त्या अल्बमचं जे काही स्वागत झालं किंवा झालं नाही, ते त्याच्या गडदपणानं ठरलेलं नाही. ज्या वाटेनं तो श्रोत्यापर्यंत पोचायचा, ती वाटच त्या दोन-तीन वर्षांत बदलली. आणि चुकीचा निकाल पुढे कधी तरी फिरवायचा तर त्यासाठी जी वस्तू हाताशी असावी लागते, ती जपण्याची आपल्याकडे सोयच नव्हती.

मुळात हा बँड उभा कसा राहिला ते पाहायला हवं. १९८४ साली मुंबईत सुरू झालेल्या या बँडचं पहिलं नाव रॉक मशीन. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि गायक उदय बेनेगल हा त्याचा लोकांच्या लक्षात राहिलेला संच. नावं वाचली तरी मुंबई दिसते: सारस्वत, गुजराती, पारशी, ख्रिस्ती. तेव्हाच्या बँडकडून श्रोत्यांची मागणी एकच असे, परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजवून दाखवा. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून भरणारा इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे पोरांच्या भाषेत 'आय-रॉक', हा या मंडळींचा वार्षिक उरूस, आणि तिथला श्रोता काही लाजाळू नव्हता. अशा वातावरणात रॉक मशीननं फक्त स्वतःची गाणी वाजवायची असं ठरवलं. १९८८ मध्ये सीबीएसनं त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आला. दोन्ही अल्बमांतला आवाज मंचावरचा आहे. मोठी कोरसं, हात वर करायला लावणारे ठेके, गिटारची लांब सोलो. गाणी इंग्रजी, घाट अमेरिकी हार्ड रॉकचा. पण त्यांचा खरा जन्म आणि खरी परीक्षा कॉलेजच्या महोत्सवांत आणि रंगभवनच्या उघड्या आकाशाखाली झालेली होती. कॅसेट विकली जायची ती बहुतेक करून आधी मंचावर ऐकलेल्याची घरी न्यायची आठवण म्हणून. आवडतं गाणं तिथे हजारो गळ्यांनी आधीच ठरवलेलं असे, परीक्षण लिहिणाऱ्यानं त्यावर शिक्कामोर्तब करायचं एवढंच.

१९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. इथे बँडनं हार्ड रॉकचा सरधोपट साचा बाजूला ठेवला. 'ट्रॅप्ड' या गाण्याचं नावच घ्या. 'टॉप ऑफ द रॉक' गाणाऱ्या बँडला सात वर्षांपूर्वी हे नाव सुचलं नसतं. कोंडी, थकवा, स्वतःशी चाललेला वाद, असा या अल्बमचा रोख आहे. काही जण त्याचं नातं थेट मुंबईच्या त्या दोन वर्षांशी लावतात: डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, १२ मार्चचे बॉम्बस्फोट. शहराचा स्वभाव तेव्हा बदलला हे खरं, आणि त्या शहरात राहणारे वादक त्यापासून अलिप्त राहिले असतील असं मानणं भाबडेपणाचं आहे. पण अल्बमचा प्रत्येक काळा रंग दंगलीच्या धुरातून आला असं म्हणणं म्हणजे संगीताचा पंचनामा करणं. जगभरचं रॉक त्याच सुमारास काळवंडत होतं. सिॲटलहून आलेल्या लाटेनं चकचकीत कपडे आणि उंच कोरसं एका फटक्यात जुनी करून टाकली होती, आणि कान उघडे असलेला मुंबईचा बँड १९९५ साली १९८८ सारखा वाजणार नव्हताच.

गडद अल्बम म्हणजे श्रोत्यांची पाठ, हे समीकरण खरं असतं तर ते अमेरिकेत आधी खरं ठरायला हवं होतं. 'इन युटेरो'चं ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीनं केलं, ओबडधोबडपणा राखून. कंपनी धास्तावली, दोन गाणी दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करून घेतली, काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी वेष्टनावरच्या चित्रांमुळे तो ठेवायला नकार दिला. तरीही अल्बम पहिल्या क्रमांकावर उतरला. उलट उदाहरण वीझर या बँडचं. १९९४ चा पहिला अल्बम हसतखेळत चाललेला, आणि सप्टेंबर १९९६ मध्ये आलेला 'पिंकर्टन' मात्र उघडावाघडा, कुढणारा. अमेरिकी यादीत तो एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि थांबला. 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत तिसरा नंबर दिला. दहा-पंधरा वर्षांत त्याच 'पिंकर्टन'ची गणना त्या दशकातल्या महत्त्वाच्या अल्बमांत होऊ लागली, आणि २०१० मध्ये त्याची सजवलेली नवी आवृत्ती निघाली. एकच गडदपणा, दोन वेगळे निकाल, आणि त्यातला एक पुढे उलटलेला. याच्या मागे दोन गोष्टी होत्या. पहिली, मोजणी. १९९१ पासून अमेरिकेत दुकानातल्या बारकोडवरून विक्री मोजणारी साउंडस्कॅन पद्धत आली होती, त्यामुळे कोण काय विकत घेतं हे कंपनीच्या फुशारकीवर अवलंबून राहिलं नव्हतं. 'नेव्हरमाइंड'नं जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ओढलं ते याच नव्या मोजणीत. दुसरी, टिकाऊपणा. न चाललेला अल्बमही सीडीच्या रूपात दुकानात, वाचनालयात, जुन्या मालाच्या पेटीत पडून राहिला आणि पुढच्या पिढीच्या पोरांच्या हाती लागला. मुंबईत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. विक्रीचे आकडे म्हणजे कंपनी सांगेल ते.

आता वाट बदलली म्हणजे नेमकं काय झालं. 'प्रिटी चाइल्ड'ला पुरस्कार मिळाला तो एमटीव्ही आशियाच्या प्रेक्षकांमुळे, आणि ही वाहिनी भारतात येत होती स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून. पुरस्कारानंतर वर्षही उलटलं नाही तोच, मे १९९४ मध्ये, स्टार आणि एमटीव्हीचं फाटलं. एमटीव्हीच्या जागी स्टारनं स्वतःची चॅनल व्ही आणली. सुरुवातीला तिथे इंग्रजीला जागा होती, पण जाहिरातदाराला हवा होता हिंदी समजणारा घराघरातला तरुण, आणि वाहिनीनं त्याचा माग काढायला वेळ लावला नाही. बाबा सैगलनं १९९२ मध्येच 'ठंडा ठंडा पानी'नं वाट दाखवली होती. १९९५ हे इंडस क्रीडच्या अल्बमचं साल, आणि तेच साल अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'चं आणि दलेर मेहंदीच्या 'बोलो तारारारा'चं. पुढच्या वर्षी लकी अलीचा 'सुनो' आला, कलोनियल कझिन्स आले, आणि एमटीव्हीही स्वतंत्र भारतीय वाहिनी म्हणून परतली ती हिंदी शिकून. म्हणजे एक बँड दहा वर्षं खपून इंग्रजीत स्वतःचं गाणं ऐकवण्याची जागा मिळवतो, आणि जागा मिळते त्याच क्षणी घरमालक बदलतो. हा नवा हिंदी पॉप वाईट होता असं मुळीच नाही. त्यातलं काही अस्सल गोड आहे आणि आजही टिकून आहे. मुद्दा इतकाच की १९९५ साली इंडस क्रीडनं 'रॉक अँड रोल रेनेगेड' पुन्हा एकदा, तितक्याच चमचमीत रूपात काढला असता तरी तो याच भिंतीवर आपटला असता.

ही वाट कुठल्या श्रोत्यापर्यंत जायची हे पाहताना दहिसरची आठवण ठेवायला हवी. मुंबईच्या रॉकचा इतिहास बहुतेक वेळा फोर्ट आणि धोबी तलावाहून लिहिला जातो: रंगभवन तिथे, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस तिथे, परीक्षणं छापणारी वृत्तपत्रंही तिथली. दहिसर १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आलं, शहराचं उत्तर टोक म्हणून. नाक्याच्या पलीकडे मुंबई संपते. चर्चगेटहून अंतर सुमारे ३६ किलोमीटर, स्लो लोकलनं तासाहून जास्त. गिरगाव, लालबाग, परळ सोडून उत्तरेकडे सरकलेली मराठी कुटुंबं, जुन्या गावठाणातले आगरी-कोळी आणि ईस्ट इंडियन, शेजारच्या आय. सी. कॉलनीतले गोवेकर-मंगळुरी ख्रिस्ती, अशी इथली वस्ती. चर्चच्या गायनवृंदात गिटार धरलेली मुलं आणि गणपतीत ढोल-ताशा वाजवलेली मुलं इथे एकाच शाळेच्या बाकावर बसत. शहराची माणसं उत्तरेला जात राहिली आणि मंच मात्र दक्षिणेलाच राहिला. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला, पण तो शिव उद्योग सेनेनं भरवलेला, त्याचा थाटच वेगळा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनचा आवाज बंद केला, आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानाकडे सरकला. ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब उघडला तो लोअर परळच्या गिरणीत. अंधेरीच्या वर कुणी आलं नाही. रात्रीच्या कार्यक्रमाला गेलेल्या दहिसरच्या पोरासाठी शेवटचं गाणं आणि शेवटची विरार लोकल यांचं गणित कायमच अवघड राहिलं.

यातून एक निष्कर्ष निघतो, तो मला महत्त्वाचा वाटतो. दहिसरच्या श्रोत्यापर्यंत रॉक मशीन आणि इंडस क्रीड पोचायचे ते मंचावरून कमी आणि केबल, रेडिओ, कॅसेट यांतून जास्त. गर्दीत उड्या मारण्यासाठी रचलेला अल्बम अशा श्रोत्याला अर्धाच मिळतो. गडद, आत वळलेला, एकट्यानं कानाशी धरायचा अल्बम हा खरं तर याच श्रोत्यासाठीचा. म्हणजे १९९५ च्या अल्बमला शहरात एक तयार श्रोता होता, फक्त तो रंगभवनात दिसणारा नव्हता. आणि त्याच्यापर्यंत जाणाऱ्या नळ्याच एकेक करून बंद झाल्या. केबलवरची कहाणी वर आली आहे. रेडिओची अशी: १९९३ मध्ये आकाशवाणीनं मुंबईच्या एफएमवर खाजगी कंपन्यांना वेळ विकायला सुरुवात केली, त्यात इंग्रजी गाण्यांना मोकळीक होती, १९९८ मध्ये ही सोय बंद झाली, आणि मुंबईत खाजगी एफएम केंद्रं सुरू झाली ती २००२ मध्ये. मधली चार वर्षं त्या बाजूला सामसूम. मंचावरच्या गर्दीवरून अल्बम पडला असं ठरवणारे लोक या श्रोत्याला मोजतच नाहीत, आणि मग गडदपणाला दोष देतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं इंग्रजीतलं, मूठभरांचं संगीत, त्याचं काय एवढं. मूठभरांचं होतं हे कबूल. पण ते १९८८ मध्येही इंग्रजीच होतं आणि तेव्हा त्याला गर्दी होत होती. जी गोष्ट दोन्ही वेळी सारखी होती तिनं दोन वेगळे परिणाम कसे समजावून सांगायचे? शिवाय इंग्रजी गाणं म्हणजे मराठी मुंबईच्या बाहेरचं, हेही तपासून पाहावं. पखवाज शिकलेल्या कवी अरुण कोलटकरांनी इंग्रजीत गाण्यासाठी म्हणून रचना लिहिल्या होत्या, आणि तेही 'जेजुरी' आणि 'अरुण कोलटकरच्या कविता' ज्या दशकात आल्या त्याच दशकात. कोलटकरांच्या हयातीत या रचनांची तबकडी निघाली नाही. तरी त्या आज वाचता येतात, कारण अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी संपादित केलेल्या आणि २००९ मध्ये प्रास प्रकाशनानं काढलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स'मध्ये त्या छापल्या गेल्या. कोलटकरांचं आणखी एक उदाहरण इथे चपखल बसतं. १९७७ च्या मराठी संग्रहानंतर 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' आली थेट २००३ मध्ये. 'भिजकी वही' तर जगभरच्या बायकांच्या अश्रूंची. तिच्याइतकं गडद पुस्तक मराठीत शोधावं लागेल. सव्वीस वर्षांच्या खंडानंतर मराठी वाचकानं ती डोक्यावर घेतली, साहित्य अकादमीनं कवीच्या मृत्यूनंतर तिला पुरस्कार दिला. काळोखाला घाबरणारा समाज आपला नव्हे. पहिलं पुस्तक कपाटात आणि ग्रंथालयात होतं, म्हणून दुसऱ्याला वाचक तयार मिळाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा की इतकी कारणं शोधायची गरज काय, अल्बम साधारणच असेल. असू शकेल. 'इंडस क्रीड' हा थोर अल्बम आहे असा माझा दावा नाही. काही गाणी अजून तगडी वाटतात, काहींवर त्या सालाची धूळ आहे. पण साधारण की चांगला हे ठरवायला तो पिढीपिढीला पुन्हा ऐकता यायला हवा, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक भारतीय प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह इतर ठरावीक शहरांतल्या ग्रंथालयांत पाठवणं भाग पडतं. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांची भर पडली. ध्वनिमुद्रणाचा त्यात समावेश नाही. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे. गाण्यांच्या बाबतीत आपण सगळा भार हौशी माणसांवर टाकला. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं ७८ आरपीएमच्या तबकड्यांसाठी जे केलं त्याला तोड नाही. बालगंधर्वांच्या जमान्यातला आवाज आपल्याला ऐकू येतो तो अशाच संग्राहकांमुळे. पण लाखेची तबकडी जुनी झाली की तिला मान येतो, कॅसेट जुनी झाली की ती टेपरेकॉर्डरमध्ये गुंतते आणि भंगारात जाते. या शतकाच्या पहिल्या दशकात कॅसेट बाजारातून उठली, टेपरेकॉर्डर माळ्यावर गेले, आणि २०१६ मध्ये ऱ्हिदम हाउसचंही शटर खाली आलं. गंमत अशी की त्या अल्बमांवर वृत्तपत्रांत जे बरंवाईट छापून आलं, ते कायद्यानं ग्रंथालयाच्या बांधीव खंडांत सुरक्षित आहे. ज्या गाण्यांबद्दल ते छापलं, त्यांच्या प्रतीची जबाबदारी कुणावरच नाही. 'पिंकर्टन'चा निकाल फिरला कारण 'पिंकर्टन' हाताशी होता.

उरला तिसरा आक्षेप, आजकालचा: इंटरनेटवर सगळं मिळतं. कुणी तरी कॅसेटवरून उतरवलेली फाइल चढवतो, ती ऐकायला मिळते, हे खरं आहे आणि त्याबद्दल त्या अनाम माणसांचे आभारच मानायला हवेत. पण ती फाइल कुणाच्या मर्जीवर उभी आहे, कुठल्या प्रतीवरून केली, उद्या राहील का, याला उत्तर देणारं कुणी नसतं. शिवाय पुनर्मूल्यांकनाची एक वेळ असते. अल्बम आल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत नवे वादक तो ऐकून काही शिकतात, त्यावर भांडतात, त्यातली गाणी स्वतः वाजवतात. १९९७ नंतर ही वर्षं रिकामी गेली. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा बँड काढला; मुंबईत पेंटाग्रामसारखे बँड आपापल्या वाटेनं गेले. इंडस क्रीड पुन्हा जमला २०१० मध्ये. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने तिघे. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नव्या पिढीचे. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला, १९९५ च्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी. त्याचं मिक्सिंग टिम पामरचं. पर्ल जॅमच्या 'टेन'चं मिक्सिंग करणारा तोच हा माणूस. 'द मनी', 'बुलेटप्रूफ', 'डिझॉल्व्ह' ही नुसती नावं वाचली तरी रंग कळतो. लांब, वळणावळणाची, जड गाणी, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांचा राग. हा अल्बम १९९५ च्या अल्बमहून कितीतरी अधिक गडद आहे, आणि त्याला ऐकणारे मिळाले, कारण तोवर ब्लू फ्रॉगसारखी ठिकाणं होती, पुण्यात २०१० पासून एनएच-७ वीकेंडर हा संगीतमहोत्सव भरत होता, आणि दहिसरच्या मुलाला गाणं मिळवायला काळा घोड्यापर्यंत जावं लागत नव्हतं. बँड तोच, भाषा तीच, काळोख जास्त. 'इव्हॉल्व्ह' ज्यांना आवडला नाही ते निदान ऐकून तसं म्हणतात. १९९५ च्या अल्बमबद्दल जे बोललं जातं त्यातलं पुष्कळसं ऐकीव आहे.